लेखक शाळेत येतात तेव्हा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोल्यातील एका शाळेने पुण्याच्या एका बालसाहित्यिक बाईंना निमंत्रित केले होते. शाळेच्या इमारत निधीस आमच्या पेढीकडून थोडी देणगी गेलेली असल्याने व्यासपीठावर मलाही एक खुर्ची होती. बाई रात्रभर गाडीत बसून पहाटे अकोल्यास उतरल्या आणि नऊ वाजता पटांगणावरील मंडपात हजर झाल्या. दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले, प्रास्ताविक झाले आणि मग व्यासपीठावरील अकरा मान्यवरांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार झाला. प्रत्येकाने दोन शब्द बोलावेत, अशी विनंती सूत्रसंचालकांनी केली व ती कोणीही अमान्य केली नाही. वाचनाचे महत्त्व या विषयावर मी नऊ मिनिटे बोललो. बाईंच्या हाती ध्वनिक्षेपक आला, तेव्हा एक तास दहा मिनिटे उलटून गेली होती आणि मधल्या सुट्टीस अठरा मिनिटे उरली होती.

समोर सहाशे मुले बसली होती. त्यांतील बहुतेकांनी बाईंचे एकही पुस्तक पाहिलेले नव्हते. बाईंनी एक गोष्ट सांगावयास घेतली, ती रंगू लागली आणि घंटा झाली. पाचव्या रांगेतील सहावीची एक मुलगी मात्र अखेरपर्यंत हात वर करून बसली होती. तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण आभारप्रदर्शन सुरू झाले होते.

आम्ही फाटकाशी मोटारीत बसत असता ती मुलगी धावत आली व तिने वहीच्या कागदाची एक घडी बाईंच्या हाती दिली. स्टेशनच्या वाटेवर बाईंनी ती उघडली. तिने लिहिले होते : ‘तुमच्या गोष्टीतली मांजर शेवटी घरी परत का येत नाही? मी दोनदा वाचले. मला वाईट वाटले.’ बाईंनी तो कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, “भाऊ, हा प्रश्न सगळ्यांसमोर यायला हवा होता.” त्यापलीकडे त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. माझी नऊ मिनिटे मला आठवत होती.

तीन आठवड्यांनी पेढीच्या पत्त्यावर एक पाकीट आले. बाईंजवळ माझे व्यापारी कार्ड तेवढे होते, म्हणून त्यांनी ते माझ्यामार्फत त्या मुलीस पाठविले होते. पाकीट पोहोचविण्यास मी स्वतः गेलो. मुख्याध्यापिकांच्या खोलीत मुलीने ते उघडले. आत एक पत्र होते आणि त्यासोबत हस्तलिखिताच्या एका पानाची प्रत होती. त्या पानावर गोष्टीचा पहिला शेवट होता. त्यात मांजर परत येत होती आणि त्या सगळ्या ओळींवर लेखिकेने स्वतःच आडवी रेघ मारलेली होती. मुलीने पान वाचले, पुन्हा वाचले आणि डोळे मोठे करून म्हणाली, “म्हणजे आधी ती आली होती!”

पुस्तक हे आकाशातून पडत नाही, कोणीतरी ते बसून लिहिते, खोडते व पुन्हा लिहिते, ही गोष्ट त्या क्षणी त्या मुलीस कळली. सहाशे मुलांना ती त्याच दिवशी कळू शकली असती. आम्ही मोठ्या माणसांनी तो वेळ खाऊन टाकला. लेखकाच्या शाळाभेटीसंबंधी मला जे सांगावयाचे आहे, ते या एका प्रसंगात सामावलेले आहे : ही भेट समारंभ म्हणून योजली तर वाया जाते आणि वाचनाची अखेरची पायरी म्हणून योजली तर मुलांच्या मनात राहते. हे कसे साधावे, याचा अनुभव पुढे अमरावतीच्या एका शाळेत आला. तो समाजबांधवांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

वऱ्हाडची पुण्याई

आपल्या भागात लेखक कोठून येणार, ते तर पुण्या-मुंबईकडचे, असा एक समज आहे. तो खरा नाही. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केला तो अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे. आज तेथेच मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. १९१२ साली मराठी साहित्य संमेलन अकोल्यास भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी कादंबरीकार हरी नारायण आपटे होते. १९८१ साली संमेलन पुन्हा अकोल्यास आले, त्या वेळचे अध्यक्ष गो. नी. दांडेकर तर आपल्या परतवाड्यात १९१६ साली जन्मलेले. स्वातंत्र्याच्या ओढीने तेराव्या वर्षी घर सोडणारा आणि पुढे गाडगेबाबांच्या सहवासात हिंडणारा हा लेखक मुलांसाठीही लिहीत असे. ज्यांच्या कविता आपल्या मातीचा वास घेऊन येतात ते विठ्ठल वाघ आणि गझलेस मराठीत प्रतिष्ठा देणारे, अमरावतीत जन्मलेले सुरेश भट हीही आपलीच माणसे. वर्गातल्या मुलास हे ठाऊक असावे. आपण राहतो त्या गल्लीतला माणूसही पुस्तक लिहू शकतो, ही जाणीव हा मोठा लाभ आहे.

आपल्या समाजापुरते बोलावयाचे, तर ग्रंथासाठी द्रव्य वेचण्याची परंपरा आपणास नवी नाही. कारंजा येथील शास्त्रभांडारांतील हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली ती श्रावकांच्या श्रद्धेमुळे. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी त्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ अभ्यासून जगापुढे आणले. मूडबिद्री येथे शतकानुशतके ताडपत्रांवर जपलेला ‘षट्खंडागम’ धवला टीकेसह त्यांच्याच संपादनाखाली छापला जाऊ लागला आणि त्याचा पहिला खंड १९३९ साली आपल्या अमरावतीहून प्रसिद्ध झाला. या कार्यास आधार होता तो भेलसा, म्हणजे आजच्या विदिशेच्या, एका सेठांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या साहित्योद्धारक निधीचा. एका व्यापाऱ्याच्या पैशाने एका प्राध्यापकाच्या टेबलावर एक ग्रंथ सिद्ध होतो आणि तो पुढील पिढ्यांच्या हाती जातो, हे दृश्य वऱ्हाडाने पाहिलेले आहे.

श्रुतपंचमीस किंवा ज्ञानपंचमीस आपण ग्रंथांची पूजा करतो. आहारदान, औषधदान व अभयदान यांच्या पंक्तीस आपल्या पूर्वजांनी शास्त्रदान बसविले. मुलांच्या हाती त्यांच्या वयाचे चांगले पुस्तक देणे आणि ते लिहिणाऱ्याची भेट घडविणे हे त्या दानाचेच आजचे रूप आहे, असे मला वाटते. आपण शाळांना पाण्याची टाकी देतो, पंखे देतो, वर्गखोली बांधून देतो आणि भिंतीवर संगमरवरी पाटी लावतो. ते योग्यच आहे. परंतु त्याच शाळेच्या वाचनालयाचे कपाट कुलूपबंद आहे काय, हे विचारण्याचे आपणास सुचत नाही.

आणखी एक कारण आहे. आपल्या घरांतील मुले घरी मारवाडी, गुजराती किंवा हिंदी बोलतात, दुकानात वऱ्हाडी ऐकतात आणि शाळेत इंग्रजी शिकतात. मराठी ही त्यांच्यासाठी परीक्षेतील एक विषय होऊन बसली आहे. ज्या भाषेत आपण पाच पिढ्या व्यापार केला, त्या भाषेतील एकही गोष्टीचे पुस्तक नातवाने आपण होऊन हाती घेतलेले नाही, हे अनेक घरांतील वास्तव आहे. भाषेची गोडी व्याकरणाने लागत नाही, ती गोष्टीने लागते. भावनगरच्या गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक वर्ग हाती घेतल्यावर लवकरच गोष्ट सांगू लागतो, ते याच कारणाने. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक भावनगरास जाण्यापूर्वी काही काळ अमरावतीस राहिलेल्या होत्या, हेही येथे आठवते.

आधी कोण, मग केव्हा

अकोल्याचा प्रसंग मी घरी सांगितला, तेव्हा आमच्या सूनबाई, ज्या अमरावतीच्या एका शाळेत शिकवितात, म्हणाल्या, “बाबूजी, पुढच्या वर्षी आमच्या शाळेत करू या. फक्त या वेळी तुम्ही भाषण करायचे नाही.” ही अट मी मान्य केली आणि जुलैमध्ये आम्ही कामास लागलो.

पहिला प्रश्न लेखक निवडण्याचा. येथे कीर्ती पाहू नये, वयोगट पाहावा. पहिली-दुसरीच्या मुलांपुढे चित्रमय गोष्टी लिहिणारे हवेत आणि सातवी-आठवीच्या मुलांपुढे साहसकथा किंवा विज्ञानकथा लिहिणारे. नावे शोधण्यास एक सोपा मार्ग आहे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. अनिल अवचट, दिलीप प्रभावळकर, माधुरी पुरंदरे, राजीव तांबे, ल. म. कडू, संगीता बर्वे, एकनाथ आव्हाड, भारत सासणे अशी त्या यादीतील नावे पाहून त्यांची पुस्तके प्रथम शिक्षकांनी वाचावीत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे अंक चाळले तरी आज मुलांसाठी कोण लिहीत आहे, हे ध्यानी येते. शिवाय आपल्याच जिल्ह्यात मुलांसाठी लिहिणारे शिक्षक-लेखक असतात. त्यांना प्रवासाचा शीण नाही आणि मुलांची बोली त्यांना परकी नाही. वर्षाआड एक बाहेरचा व एक जवळचा लेखक, असा क्रम ठेवावा.

दुसरा प्रश्न दिवसाचा. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला, बालदिन १४ नोव्हेंबरला, साने गुरुजींची जयंती २४ डिसेंबरला आणि मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारीला येतो. या चार दिवशी प्रत्येक शाळेस लेखक हवा असतो आणि लेखक मात्र एकच असतो. म्हणून आम्ही साधा मंगळवार निवडला. वऱ्हाडच्या शाळा उन्हामुळे इतर भागांच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. पहिले सत्र बसेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. मग सणवार येतात व त्यानंतर सहामाही परीक्षा. डिसेंबरच्या उत्तरार्धात स्नेहसंमेलनाची धावपळ असते आणि फेब्रुवारीनंतर परीक्षा व ऊन दोन्ही चढू लागतात. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा, असे आमच्या अनुभवास आले.

तिसरी गोष्ट निमंत्रणपत्राची. ‘आपल्या सोयीने यावे’ असे मोघम पत्र लिहू नये. किती मुले, कोणत्या इयत्तेची, किती सत्रे, प्रत्येक सत्र किती मिनिटांचे, मानधन किती, प्रवासखर्च कोणत्या वर्गाचा, मुक्काम कोठे, हे सर्व पहिल्याच पत्रात असावे. मानधनाचा उल्लेख करण्यास आपण संकोचतो आणि लेखक विचारण्यास संकोचतात. परिणामी दोन्हीकडे गैरसमज होतो. व्यापारात आपण भाव आधी ठरवितो, येथेही तसेच करावे.

प्रवासाबद्दल एक सूचना. मुंबईहून रात्री निघणारी अंबा एक्स्प्रेस पहाटे अकोल्यावरून जाऊन सकाळी अमरावतीस पोहोचते. इतर अनेक गाड्या मात्र बडनेऱ्यास थांबतात व तेथून अमरावती दहा किलोमीटरवर आहे. पाहुणे नेमके कोठे उतरणार हे आधी निश्चित करून माणूस तेथेच पाठवावा. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसास स्नान, न्याहारी आणि दोन तासांची विश्रांती मिळाल्यावाचून मुलांपुढे उभे करू नये. पथ्यपाणी आधी विचारावे. आपल्या घरी कांदा-लसूण चालत नाही, सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते, हेही त्यांना आधी कळवावे. पाहुण्यास सहा वाजता पानावर बसण्याचा आग्रह झाला की त्याची तारांबळ उडते. आमच्या पाहुण्यांनी मात्र ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ आणि कढी साडेपाच वाजता आनंदाने खाल्ली, कारण त्यांना ते ठाऊक होते.

पुस्तके आधी, पाहुणे नंतर

सगळ्यांत महत्त्वाचे काम भेटीच्या आधीच्या तीन आठवड्यांत होते. आम्ही लेखकांची दोन पुस्तके निवडली व प्रत्येकाच्या साठ प्रती घेतल्या. पाचवी ते सातवीची मिळून एकशे वीस मुले होती. प्रत्येकाच्या हाती एक प्रत आली आणि दहा दिवसांनी मुलांनी आपसांत अदलाबदल केली. प्रार्थनेनंतरची पंधरा मिनिटे शिक्षिका मोठ्याने वाचीत आणि मुले पुस्तकात बोट ठेवून ऐकत. ज्यांना वाचन जड जाते, अशी मुलेही त्यामुळे गोष्टीत सामील झाली.

कोणी सुचविले की एक प्रत घेऊन झेरॉक्स काढाव्यात, खर्च वाचेल. सूनबाईंनी ते स्पष्ट नाकारले. ज्या लेखकास आपण सन्मानाने बोलावितो, त्याच्याच पुस्तकाची परवानगीवाचून नक्कल करणे म्हणजे न दिलेले घेणे होय. पाठशाळेत अचौर्याचा पाठ घेणाऱ्या मुलांसमोर आपण हे कसे करणार? हस्तलिखितातील टाकून दिलेले पान लेखिकेने आपण होऊन पाठविले, ही गोष्ट वेगळी. तेथे देणारी तीच होती.

मग प्रश्नांची तयारी झाली. प्रत्येक मुलाने एका चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून बरणीत टाकावयाचा होता. शिक्षकांचा कल साहजिकच ‘चांगले’ प्रश्न निवडण्याकडे होता. ‘आपली प्रेरणा कोणती’ अशा थाटाचे प्रश्न हुशार मुलांस पाठ करावयास द्यावेत, असेही एका शिक्षकांचे मत पडले. आम्ही ठरविले की बरणीतून चिठ्ठी उचलावयाची आणि निघेल तो प्रश्न विचारावयाचा. केवळ अपमानकारक असे काही नसावे, इतकेच शिक्षकांनी पाहिले.

भेटीच्या दिवशी सकाळी शेजारच्या महापालिका शाळेतील तीस मुलेही बोलाविली. त्यांच्या शाळेसही आधी पुस्तके पोहोचविली होती. प्रारंभी ती मुले मागे दबून बसली. पहिली चिठ्ठी निघाली ती त्यांच्यातील एका मुलाची आणि मग कोण कोणत्या शाळेचे, याचा सर्वांस विसर पडला.

दीड तासाचे दोन गट

एकूण दीडशे मुलांचे दोन गट केले व प्रत्येकास नव्वद मिनिटे दिली. दिवसाकाठी दोन, फार तर तीन सत्रे, यापेक्षा अधिक भार लेखकावर टाकू नये. मंडप नव्हता. सतरंज्या घालून मुले वाचनालयाच्या खोलीत अर्धवर्तुळात बसली होती आणि लेखक त्यांच्यासमोर एका साध्या खुर्चीवर. स्वागत सातवीच्या दोन मुलींनी दोन वाक्यांत केले. सत्कार म्हणून मुलांनी पुस्तकातील प्रसंगांची काढलेली चित्रे शिवून केलेली एक वही दिली. आम्ही देणगीदार मंडळी मागे भिंतीपाशी उभे होतो. खुर्च्या नसल्याने कोणासही भाषणाचा मोह झाला नाही.

लेखकांनी वीस मिनिटे आपल्या गोष्टीतील एक प्रकरण वाचले. आपल्या कच्च्या खर्ड्याची पाने त्यांनी मुलांत फिरविली, त्यांतील खाडाखोड पाहून मुले चकित झाली. “तुमच्या वहीत लाल शाई बाई मारतात, माझ्या वहीत मीच मारतो,” असे ते म्हणाले, तेव्हा खोली हसली. उरलेला सर्व वेळ प्रश्नांना दिला.

एका मुलाचा प्रश्न मी विसरणार नाही. त्याचे वडील धान्यबाजारात अडत्ये आहेत. त्याने विचारले, “एका पुस्तकामागे तुम्हाला किती सुटतात?” शिक्षिकांच्या चेहऱ्यावर संकोच दिसला. लेखकांना मात्र आनंद झाला. त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. शंभर रुपयांच्या पुस्तकात लेखकाचा वाटा सहसा दहा रुपयांच्या आसपास असतो. कागद, छपाई, चित्रकार, प्रकाशकाचा खर्च आणि विक्रेत्याची सूट बाकीच्या रकमेतून जाते. हजार प्रती खपण्यास कधी कधी वर्षे लागतात. मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “मग तुम्ही दुसरे काहीतरी पण करता ना?” “करतो ना, नोकरी करतो आणि रात्री लिहितो,” असे उत्तर मिळाले. व्यापाऱ्यांच्या मुलांना श्रमाची किंमत हिशेबाने कळते. त्या दिवशी पुस्तकाची किंमत त्यांना त्यांच्याच भाषेत कळली.

जमाखर्च

वाचकहो, आपण रोकडवही पाहिल्यावाचून कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवीत नाही, म्हणून दोन्ही वर्षांचा जमाखर्च येथे देतो. अकोल्याच्या कार्यक्रमास एकूण ३८,००० रुपये लागले. त्यांत मंडप व ध्वनिक्षेपक ११,०००, फलक व निमंत्रणपत्रिका ६,५००, शाली, श्रीफळे व स्मृतिचिन्हे ७,२००, मान्यवरांचे भोजन ८,३००, लेखिकेचा प्रवास २,००० आणि मानधन ३,०००. पुस्तकांच्या सदरात शून्य.

अमरावतीच्या भेटीस पाचवी ते सातवीची पुस्तके आणि शेजारच्या शाळेच्या प्रती मिळून १४,०००, मानधन ८,०००, प्रवास व मुक्काम ५,०००, खाऊ व भोजन २,००० आणि कागद, चिठ्ठ्या, टपाल १,००० असे एकंदर ३०,००० रुपये लागले. आठ हजार कमी खर्च झाला आणि सगळी पुस्तके दोन शाळांच्या कपाटांत मागे राहिली. पहिल्या वर्षीच्या शाली कोणाकोणाच्या कपाटात आहेत, ते मला सांगता येणार नाही. एक माझ्या कपाटात आहे.

शासनाच्या व संस्थांच्या बळावर हे काम फार मोठ्या प्रमाणावर होऊ शकते. नॉर्वे या देशात २००१ पासून ‘सांस्कृतिक दप्तर’ या नावाची राष्ट्रीय योजना चालते. तिच्यातून लेखक व कलावंत शाळाशाळांत पोहोचतात, मग ती शाळा राजधानीत असो वा दूरच्या खेड्यात. आपल्याकडेही २०१७ साली सातारा जिल्ह्यातील भिलार हे गाव पुस्तकांचे गाव म्हणून वसविले गेले. परंतु प्रत्येक गोष्टीसाठी शासनाकडे पाहण्याची आपल्या समाजाची रीत नाही. एक पेढी एका शाळेपुरते एवढे सहज करू शकते. पाच पेढ्या एकत्र आल्या, तर एकच लेखक सोमवारी अकोला, मंगळवारी मूर्तिजापूर आणि बुधवारी अमरावती असा प्रवास करू शकतो. ही सारी गावे एकाच रेल्वेमार्गाच्या आसपास आहेत. प्रवासखर्च वाटला जातो आणि लेखकाचाही वेळ सार्थकी लागतो.

पाहुणे गेल्यानंतर

भेट संपली म्हणजे काम संपले, असे समजू नये. त्या आठवड्यात प्रत्येक मुलाने लेखकास एक पत्र लिहिले. शुद्धलेखनाच्या चुका शिक्षकांनी मुद्दाम दुरुस्त केल्या नाहीत. सर्व पत्रे एका गठ्ठ्यात पाठविली आणि उत्तराची अपेक्षा ठेवू नये, असे मुलांस सांगितले. लेखकांनी सर्वांस मिळून एक लांब पत्र लिहिले, ते आज वाचनालयाच्या दाराशी लावलेले आहे. शाळेने दर शनिवारी एक तास वाचनालय मुलांच्याच हाती सोपविले. पुस्तके देण्या-घेण्याची नोंद सातवीची मुले ठेवतात. ही नोंदवही मी पाहिली आहे. तिच्यात येणे आणि देणे अशी दोन सदरे आखलेली आहेत. ती कोणाच्या घरून आली असावीत, हे सांगावयास नको.

आमच्या समाजातील कुटुंबांस माझी विनंती इतकीच आहे की, येत्या वर्षी शाळेस काही द्यावेसे वाटले, तर प्रथम वाचनालयाचे कपाट उघडून पाहावे. मुलांस विचारावे की कोणते पुस्तक आवडते. ते लिहिणारे हयात असतील, तर त्यांना पत्र लिहावे. मग पुस्तके घ्यावीत, मुलांनी ती वाचावीत आणि पाहुणे आल्यावर आपण मागे भिंतीपाशी उभे राहावे.

अकोल्याची ती मुलगी आता महाविद्यालयात शिकते. मागील दिवाळीत बाजारात तिची व तिच्या आईची गाठ पडली. मी सहज विचारले, “ते मांजरीचे पान आहे का ग अजून?” ती म्हणाली, “आहे ना काका. पुस्तकातच ठेवले आहे, शेवटच्या पानाजवळ. धाकट्या भावाला पुस्तक दिले, तेव्हा त्याला सांगितले की आधी छापलेला शेवट वाच, मग हा.”

“मग त्याला कोणता आवडला?” मी विचारले.

“तो म्हणतो, छापलेलाच बरोबर आहे,” ती हसून म्हणाली, “पण मला अजून पटत नाही.”